जोडाची साक्ष : आभासी यंत्रांतील नेटवर्क कार्ड आणि त्याच्या जोडस्थितीचा इतिहास

संगणकाच्या मागील बाजूस, जेथे जाळ्याची तार खोबणीत बसते तेथे, एक लहानसा हिरवा दिवा असतो. तार काढली की तो विझतो, बसविली की लागतो. यंत्राची कार्यप्रणाली दिवा पाहू शकत नाही. परंतु ज्या विद्युत्-संकेतावर तो दिवा चालतो त्याच संकेताची नोंद नेटवर्क कार्डाच्या एका रजिस्टरात होत असते, आणि ती वाचून कार्यप्रणाली ठरविते की आपण जाळ्याशी जोडलेले आहो किंवा नाही. या नोंदीस ‘लिंक स्टेट’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘जोडस्थिती’ म्हटले आहे. आता ज्या यंत्राला खोबण नाही, तार नाही आणि दिवाही नाही, जे दुसऱ्या एका यंत्राच्या स्मृतीत केवळ कार्यक्रमरूपाने नांदते, अशा आभासी यंत्राची कार्यप्रणालीही हाच प्रश्न विचारते आणि तिलाही उत्तर मिळते. हे उत्तर कोण देतो आणि कोणत्या पुराव्यावर देतो, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या इतिहासाचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, जी गोष्ट प्रारंभी पदार्थविज्ञानातील एक घटना होती ती पुढे एक विधान बनली. आणि घटना व विधान यांच्यात जे अंतर पडले त्याचा हिशेब देण्यातच या क्षेत्रातील बरीचशी कल्पकता खर्ची पडली.

मूळ इथरनेटमध्ये हा प्रश्नच उद्भवत नव्हता, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी या जाळ्याची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. एकच जाड समाक्ष तार सर्व यंत्रांजवळून जाई आणि प्रत्येक यंत्र तिला ठिकठिकाणी चिकटलेले असे. तारेवर दुसरा कोणी बोलत आहे काय, एवढेच यंत्र ऐकत असे. यालाच ‘कॅरियर’ची चाहूल घेणे म्हणत. तारेवर शांतता असली तर तिचा अर्थ कोणी बोलत नाही असाही होई आणि आपण तुटून पडलो आहो असाही होई. या दोहोंत भेद करण्याचे साधन त्या शांततेत नव्हते. ‘कॅरियर’ हा शब्द मात्र टिकला. पुढे लिनक्स कार्यप्रणालीत जोड आहे की नाही हे सांगण्यासाठी हाच शब्द योजिला गेला, आणि मूळचा ‘कोणी बोलत आहे’ हा अर्थ सुटून ‘पलीकडे कोणी आहे’ हा अर्थ त्यास चिकटला. शब्दांच्या इतिहासात असे स्थलांतर नवे नाही.

खरा बदल १९९० साली झाला. त्या वर्षी पिळलेल्या तारांच्या जोडीवर चालणाऱ्या इथरनेटचे, म्हणजे टेन-बेस-टीचे, मानक मान्य झाले. आता एका तारेला अनेक यंत्रे चिकटलेली नव्हती. प्रत्येक यंत्रापासून मध्यवर्ती हबपर्यंत स्वतंत्र तार जाऊ लागली. तारेला दोनच टोके असल्याने दुसऱ्या टोकाविषयी विचारणे अर्थपूर्ण झाले. मानककारांनी अशी योजना केली की, पाठविण्यासारखे काही नसले तरी प्रत्येक टोकाने सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने एक अत्यल्प कालाचा, सुमारे १०० नॅनोसेकंदांचा, स्पंद सोडीत राहावे. दुसऱ्या टोकास हा स्पंद किंवा प्रत्यक्ष मजकूर ठराविक मुदतीत मिळाला नाही तर त्याने जोड तुटला असे समजावे. जोडस्थितीचा जन्म तो हा. या साक्षीच्या मर्यादाही मुळातच स्पष्ट होत्या. येणारा स्पंद एवढेच सिद्ध करतो की पलीकडचे बोलणे येथवर पोहोचते. येथील बोलणे पलीकडे पोहोचते असे तो सिद्ध करीत नाही. शिवाय ही साक्ष फक्त पहिल्या टप्प्यापुरती आहे. हबच्या पलीकडे इमारतच्या इमारत अंधारात असली तरी टेबलावरील यंत्राचा दिवा तेवत राहतो.

याच काळातील एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. १९९५ साली आलेल्या शंभर मेगाबिट वेगाच्या इथरनेटच्या मानकात कार्डाच्या भौतिक भागाच्या रजिस्टरांची रचना निश्चित केली गेली. तिच्यातील स्थितिदर्शक रजिस्टरात जोडस्थितीसाठी एक बिट आहे, आणि तो बिट तुटीची आठवण धरून ठेवतो. जोड क्षणभर तुटून पुन्हा जुळला तरी, कोणी येऊन वाचीपर्यंत बिट शून्यच राहतो. एकदा वाचल्यानंतर मगच तो वर्तमान स्थिती सांगू लागतो. म्हणजे वाचणारा उशिरा आला तरी मधला खंड त्याच्यापासून लपत नाही. यंत्रशास्त्रात इतका प्रामाणिक साक्षीदार क्वचितच आढळतो.

यापूर्वीच, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, इंटरनेटच्या व्यवस्थापनासाठी जी माहितीची पहिली सारणी प्रसिद्ध झाली तिच्यात प्रत्येक जोडणीसाठी दोन वेगळे रकाने ठेवलेले होते : एक व्यवस्थापकाला काय हवे आहे ते सांगणारा, आणि दुसरा प्रत्यक्षात काय आहे ते सांगणारा. पहिला रकाना आज्ञेचा, दुसरा वस्तुस्थितीचा. आज्ञा ‘चालू’ अशी असून वस्तुस्थिती ‘बंद’ असेल तर कोठेतरी बिघाड आहे, असा निष्कर्ष काढता येई. हा भेद साधा दिसला तरी पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. कारण आभासी यंत्रात या दोन रकान्यांतील दुसरा रकाना भरणारा जो कोणी आहे, तो स्वतःच पहिल्या रकान्याच्या मालकाचा नोकर असतो.

आभासी यंत्राची परंपरा इथरनेटहून जुनी आहे. आय्‌बीएम्‌च्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी यांनी सीपी-४० ही प्रणाली सिद्ध केली आणि १९६७ च्या जानेवारीत ती नित्य वापरात आली. तिच्यापासून सीपी-६७ आणि पुढे २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झालेली व्हीएम/३७० निघाली. एका मोठ्या यंत्रावर प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःचे संपूर्ण यंत्र आहे असा अनुभव द्यावयाचा, ही या प्रणालींची कल्पना. प्रत्येकाला आभासी मुद्रक, आभासी कार्डवाचक, चकतीचा एक आभासी तुकडा मिळे. तथापि अशा दोन यंत्रांनी परस्परांशी बोलावयाचे कसे ? खऱ्या यंत्रांच्या जगात त्यासाठी एका यंत्राची वाहिनी दुसऱ्याच्या वाहिनीस जोडणारे एक उपकरण होते. व्हीएम/३७० मध्ये त्याचीही आभासी प्रतिकृती करण्यात आली. वापरकर्ता एका आज्ञेने असे उपकरण आपल्या यंत्रात निर्माण करी आणि ‘कपल’ या दुसऱ्या आज्ञेने ते दुसऱ्या वापरकर्त्याच्या तशाच उपकरणाशी जुळवी.

या ‘कपल’ आज्ञेत आजच्या सर्व व्यवस्थेचे बीज आहे. उपकरण असणे आणि ते जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या वेगळ्या आज्ञांनी साधाव्यात, हे तत्त्व येथे प्रथम व्यवहारात दिसते. शिवाय जोडणी ही निखळ आज्ञेचे फल होती. मध्ये तारच नसल्याने तार तुटण्याचा संभव नव्हता. आज्ञा आणि वस्तुस्थिती हे दोन्ही रकाने येथे एकरूप होते. या परंपरेचे सातत्य असे की, २००१ साली झेड्/व्हीएम्‌च्या ४.२ या आवृत्तीत आभासी यंत्रांसाठी अंतर्गत जाळे आले आणि २००३ साली ४.४ या आवृत्तीत बाहेरच्या खऱ्या जाळ्याशी जोडला जाणारा आभासी स्विच आला, तेव्हा आभासी कार्ड त्यांच्याशी जुळविण्याची आज्ञा ‘कपल’ हीच राहिली. तीस वर्षांत उपकरणे बदलली, क्रियापद बदलले नाही.

१९७४ साली जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राची जी सुप्रसिद्ध व्याख्या केली, तिच्यानुसार आभासी यंत्र म्हणजे खऱ्या यंत्राची कार्यक्षम व विलग अशी प्रतिकृती होय. ही व्याख्या प्रक्रियक आणि स्मृती यांच्या बाबतीत निर्दोष आहे. परंतु त्यांच्या प्रतिमानात आदान-प्रदानाची साधने विवेचनाच्या सोयीसाठी वगळलेली होती, आणि प्रस्तुत विषयाची अडचण नेमकी तेथेच आहे. बेरजेची प्रतिकृती म्हणजे बेरीजच. तिच्यात आणि मूळ क्रियेत फरक करता येत नाही. पण तारेच्या दुसऱ्या टोकास कोणी आहे या साक्षीची प्रतिकृती कशी करावयाची ? साक्षीला विषय लागतो. तो नसेल तर उरते ते केवळ साक्षीचे रूप.

व्यक्तिगत संगणकावर ही अडचण प्रत्यक्ष उभी राहिली ती १९९९ साली. १९९८ मध्ये डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लूम, एडुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि एडवर्ड वांग यांनी स्थापन केलेल्या व्हीएम्‌वेअर या कंपनीने मे १९९९ मध्ये ‘वर्कस्टेशन’ ही प्रणाली बाजारात आणली. विंडोज किंवा लिनक्स चालू असलेल्या साध्या संगणकात दुसरी संपूर्ण कार्यप्रणाली चालविणे तिच्यामुळे शक्य झाले. आत चालणारी कार्यप्रणाली कोणाची व कोणत्या काळातील असेल याचा नियम नव्हता. म्हणून तिला दाखवावयाचे नेटवर्क कार्ड असे हवे होते की ज्याचा ड्रायव्हर सर्वांपाशी आधीच असेल. निवड झाली ती ए‌एम्‌डी कंपनीच्या पीसीनेट या सर्वपरिचित कार्डाची. त्याची रजिस्टरे, त्याची वर्णनकोष्टके, त्याचे व्यत्यय-संकेत हे सर्व कार्यक्रमाने जसेच्या तसे उभे केले. २००१ साली सुगरमन, वेंकिटाचलम आणि लिम यांनी युसेनिक्सच्या परिषदेत सादर केलेल्या निबंधात या आभासी कार्डाची घडण सविस्तर सांगितली आहे. त्या निबंधाचा रोख मुख्यतः वेगावर आहे. एकेका पॅकेटमागे आतल्या यंत्रातून यजमान यंत्रात आणि परत अशा किती फेऱ्या घडतात, आणि त्या कशा कमी कराव्यात, हा त्याचा विषय. ही चिंता त्या काळी स्वाभाविक होती. जोडस्थितीकडे लक्ष जाण्यास अद्याप अवकाश होता.

अनुकरण इतके तपशीलवार असल्याने कार्डाच्या वेगाविषयीचे विधानही अनुकरणातच आले. हे आभासी कार्ड स्वतःचा वेग १० मेगाबिट सांगे. प्रत्यक्षात पॅकेटे स्मृतीतून स्मृतीत जात असल्याने त्या आकड्याचे त्यांच्यावर कोणतेच बंधन नव्हते. पुढे त्याच कंपनीचे व्हीएम्‌एक्स्‌नेट-३ हे कार्ड २००९ साली आले. ते १० गिगाबिट सांगू लागले, मग खालचे खरे कार्ड कितीही मंद असो. वेगाचा आकडा हा अशा रीतीने मापन न राहता पदवीसारखा झाला. जोडस्थितीचेही तेच झाले. ड्रायव्हर विचारी, ‘जोड आहे काय ?’ आणि कार्यक्रम उत्तर देई, ‘आहे’. कारण ‘नाही’ म्हणावयास कारणच नव्हते.

तथापि वापरकर्त्यांना ‘नाही’ म्हणण्याची गरज लवकरच भासली. व्हीएम्‌वेअरच्या प्रणालीत प्रत्येक काढत्या-घालत्या उपकरणापुढे दोन चौकटी असत : एक ‘जोडलेले’ आणि दुसरी ‘यंत्र सुरू होताना जोडावे’. लवचीक चकतीच्या आणि सीडीच्या खोबणीस जी सोय होती तीच नेटवर्क कार्डालाही लाभली. यंत्राच्या वर्णनफायलीत कार्ड अस्तित्वात आहे की नाही याची एक ओळ, आणि प्रारंभी ते जोडलेले असावे की नाही याची दुसरी ओळ लिहिली जाई. त्यामुळे तीन अवस्था संभवल्या : कार्डच नाही, कार्ड आहे पण तार काढलेली आहे, कार्ड आहे आणि तार बसविलेली आहे. यांपैकी मधली अवस्था व्यवस्थापकांना सर्वांत उपयुक्त ठरली.

त्याचे कारण आभासी यंत्राच्या एका अपूर्व गुणात आहे. त्याची नक्कल करता येते. चालू असलेल्या सेवकयंत्राची प्रत काढून ती सुरू केली तर एकाच नावाची, एकाच आयपी पत्त्याची दोन यंत्रे जाळ्यावर उभी राहतात आणि दोघांनाही आपणच मूळ आहो असे वाटते. कार्ड काढून टाकणे हा यावर उपाय नव्हे; कारण कार्ड गेले की त्याच्याशी निगडित असलेली सर्व रचना विस्कटते, आणि नवे कार्ड घातले की कार्यप्रणाली त्याला अनोळखी समजते. लिनक्समध्ये एके काळी कार्डाच्या हार्डवेअर-पत्त्यावरून नाव कायम करण्याचा नियम एका फायलीत लिहिला जाई. त्यामुळे प्रत काढलेल्या यंत्रात पूर्वीचे ‘इथ-शून्य’ अदृश्य होऊन ‘इथ-एक’ प्रकट होत असे, आणि पत्ता मात्र जुन्याच नावावर लिहिलेला राही. या एका कारणाने किती व्यवस्थापकांच्या रात्री गेल्या असतील याची गणती नाही. तार काढलेल्या अवस्थेत यंत्र सुरू करावे, आतील पत्ता व नाव बदलावे, आणि मग तार बसवावी, हा क्रम म्हणूनच रूढ झाला. संशयित कार्यक्रमाची परीक्षा करावयाची असली किंवा बाधित यंत्र बंद न करता एकाकी ठेवावयाचे असले तरी हीच चौकट कामास येते.

२००७ च्या जानेवारीत इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स ही प्रणाली खुली केली. तिच्यात हाच गुण दोन नावांनी आढळतो. बंद यंत्राची रचना बदलताना त्यास ‘केबल जोडलेली’ म्हणतात, आणि चालू यंत्रावर आज्ञा देताना ‘जोडस्थिती ठरविणे’ म्हणतात. एक नाव वस्तूचे, दुसरे स्थितीचे. वस्तू कोठेच नाही, तरी सामान्य वापरकर्त्याला ‘केबल’ या शब्दानेच गोष्ट पटकन् समजते, हे नाव देणाऱ्यांनी अचूक ओळखले होते.

फाब्रीस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेल्या क्यूएमू या मुक्त प्रणालीत ही सोय पुष्कळ उशिरा, २००९ साली आली. तिच्या नियंत्रणफलकावर एका आज्ञेने कोणत्याही आभासी कार्डाचा जोड पाडता किंवा उभारता येऊ लागला. जोड पाडलेला असताना आतील यंत्राने एखादे पॅकेट पाठविलेच तर क्यूएमू ते परत करीत नाही. पाठविले गेले असे दाखवून निमूटपणे टाकून देते. हे वर्तन पहिल्यांदा पाहणाऱ्यास कपटाचे वाटेल. वस्तुतः ते तारेच्या स्वभावास धरून आहे. खोबणीतून बाहेर काढलेली तारही पॅकेट परत करीत नसते.

याच सुमारास आभासी कार्डांच्या घडणीत एक मूलगामी फेरबदल होत होता. केंब्रिज विद्यापीठातील झेन या प्रकल्पाने २००३ साली असे मांडले होते की, आतील कार्यप्रणालीस आपण आभासी यंत्रात आहो हे ठाऊक असू द्यावे आणि मग खोट्या रजिस्टरांचे नाटक वगळावे. आतला अर्धा ड्रायव्हर आणि बाहेरचा अर्धा ड्रायव्हर समाईक स्मृतीतील वलयाद्वारे बोलत. त्यांच्यातील संबंध ‘प्रारंभ’, ‘जोडलेला’, ‘मिटत असलेला’, ‘मिटलेला’ अशा अवस्थांनी वर्णिला जाई. २००८ मध्ये रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टिओ’ या नावाने अशा कार्डांसाठी एक समान भाषा मांडली. तिची लिनक्समधील पहिली आवृत्ती आली तेव्हा नेटवर्क कार्डास जोडस्थितीच नव्हती. आतील ड्रायव्हर जोड सदैव आहे असे धरून चाले. २००९ साली एक स्थितिदर्शक शब्द जोडला गेला आणि त्यातील पहिला बिट जोडासाठी राखण्यात आला. मात्र हा शब्द समजतो असे दोन्ही पक्षांनी आधी परस्परांस कळविले पाहिजे. तसे ठरले नसेल तर ड्रायव्हरने जोड आहे असेच समजावे, असे पुढे मानकातही लिहिले गेले. इथरनेटचा नियम याच्या नेमका उलट होता. तेथे पुरावा नसेल तर जोड नाही. येथे पुरावा नसेल तर जोड आहे. १९९० च्या मानककारांनी शंकेचा फायदा तुटीला दिला, आभासी कार्डाच्या रचनाकारांनी तो जोडाला दिला. हा बदल कोणी गाजावाजा करून केला नाही. परिस्थितीने तो घडविला. २०११ साली लिबव्हर्ट या व्यवस्थापनसंचात जोडस्थिती वाचण्याच्या व ठरविण्याच्या आज्ञा आल्या, आणि यंत्राच्या वर्णनातच ‘जोड उभा’ किंवा ‘जोड पडलेला’ असे लिहून ठेवता येऊ लागले.

येथवरच्या वृत्तान्तात अडचणीचे स्वरूप केवळ सोयीचे होते. परंतु सेवकयंत्रांच्या दालनात, जेथे एका खऱ्या यंत्रावर डझनावारी आभासी यंत्रे राहू लागली, तेथे ते गंभीर झाले. समजा, खऱ्या यंत्राची बाहेर जाणारी तार तुटली. आभासी कार्ड जोडलेले असते ते त्या खऱ्या तारेशी नव्हे, तर यजमानाच्या स्मृतीतील आभासी स्विचशी. तो स्विच शाबूत आहे. म्हणून आतील यंत्राचा ‘दिवा’ तेवत राहतो. आतील कार्यप्रणाली पॅकेटे पाठवीत राहते, ती आभासी स्विचपर्यंत पोहोचतात आणि तेथेच नष्ट होतात. ज्या व्यवस्थापकाने सावधगिरी म्हणून आतील यंत्रास दोन आभासी कार्डे देऊन, एकाचा जोड पडल्यास दुसऱ्याकडे वळण्याची योजना केलेली असते, त्याची योजना अशा वेळी अगदी गरजेच्या क्षणी निष्फळ ठरते. कारण जो संकेत मिळताच वळावयाचे तो संकेत येतच नाही. लिनक्सच्या जोडकार्ड-व्यवस्थेत म्हणूनच दोन मार्ग आढळतात : एक जोडस्थिती पाहण्याचा, दुसरा ठराविक पत्त्यास वेळोवेळी प्रश्न विचारून उत्तर येते की नाही हे पाहण्याचा. आभासी यंत्रात पहिला मार्ग स्वीकारणारा मनुष्य दिव्यावर विश्वास ठेवतो. दुसरा स्वीकारणारा संभाषणावर.

या दोषाचे खापर रचनाकारांवर फोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. एक म्हणजे, आभासी तार आभासी स्विचपर्यंतच जाते, आणि तिच्याविषयीचे विधान खरेच आहे. कार्यालयातील स्विचची वरची तार तुटली तरी टेबलावरच्या यंत्राचा दिवा विझत नाही, याची तक्रार कोणी करीत नाही. दुसरे असे की, बाहेरची तार तुटल्यानंतरही त्याच खऱ्या यंत्रावरील आभासी यंत्रे आपसांत बोलू शकतात. सर्वांचे जोड पाडले तर ज्या संभाषणास काहीच बाधा आलेली नव्हती तेही बंद पडेल. ज्ञानसेवक आणि त्यावर विसंबणारा अनुप्रयोग एकाच यंत्रावर शेजारी शेजारी असतील, तर त्यांना विनाकारण विलग करणे हा नवाच अपघात ठरेल. म्हणून व्हीएम्‌वेअरच्या आभासी स्विचने बाहेरच्या तारांची देखरेख स्वतःकडे घेतली. एकाहून अधिक तारा देऊन, एक पडली की स्विचनेच दुसरीकडे वळावे, आतल्या यंत्रास याची गंधवार्ताही नसावी, असा मार्ग काढला गेला. तार पडली हे ओळखण्याचेही पर्याय दोन ठेवले : केवळ जोडस्थिती पाहणे, अथवा तारांवर तपासणीची पॅकेटे सोडून ती दुसऱ्या तारेवर पोहोचतात का ते पाहणे. पलीकडच्या स्विचपुढचा बिघाड पहिल्या पर्यायाने कळत नाही. म्हणजे १९९० चीच मर्यादा, एक मजला वर चढून, पुन्हा भेटली.

टेबलावरच्या संगणकावर याच समस्येचे एक घरगुती रूप पाहावयास मिळते. एखादा मनुष्य मांडीवरचा संगणक घेऊन एका इमारतीतून दुसरीत जातो. यजमान कार्यप्रणालीस जोड तुटल्याचे व पुन्हा जुळल्याचे कळते. ती नवा पत्ता मागून घेते. आतील आभासी यंत्राचा जोड मात्र एकदाही लवलेला नाही, म्हणून ते जुन्या जाळ्याचा पत्ता उराशी धरून बसते आणि त्याचे बोलणे कोणास ऐकू जात नाही. यासाठी वर्कस्टेशन या प्रणालीत यजमानाच्या कार्डाची जोडस्थिती आतील कार्डापर्यंत पोहोचविण्याची एक वेगळी कळ ठेवण्यात आली. ती चालू केली म्हणजे बाहेरचा दिवा विझताच आतलाही विझतो. येथे आज्ञेने ठरणारी स्थिती पुन्हा घटनेवर अवलंबून केली गेली. आणि तसे करावयासही आज्ञाच द्यावी लागली.

चालू यंत्राच्या स्थलांतराने प्रश्नास उलटे वळण दिले. २००५ साली क्लार्क आणि सहकाऱ्यांनी झेन प्रणालीवर चालू असलेले यंत्र न थांबविता एका खऱ्या यंत्रावरून दुसऱ्यावर हलविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. एका खेळाच्या सेवकयंत्रात पडलेला खंड अवघा ६० मिलिसेकंदांचा होता. आता वस्तुतः आतील कार्ड एका स्विचमधून निघून दुसऱ्यात बसलेले असते. घटनेला धरून बोलावयाचे तर जोड तुटला आणि पुन्हा जुळला. परंतु तसे आतील कार्यप्रणालीस सांगितले तर ती पत्ता नव्याने मागू लागेल, आणि स्थलांतर कोणाच्या लक्षात येऊ नये हा मूळ हेतूच फसेल. म्हणून दिवा अखंड तेवत ठेवतात आणि सांगावयाचे ते बाहेरच्या जगास सांगतात. झेनच्या पद्धतीत न मागितलेले एआरपी उत्तर सोडून हा पत्ता आता या ठिकाणी आहे असे जाहीर केले जाते; व्हीएम्‌वेअरच्या प्रणालीत यजमानच आतील यंत्राच्या वतीने आरएआरपी पॅकेट पाठवून स्विचांना नवी दिशा दाखवितो. व्हर्टिओच्या स्थितिदर्शक शब्दात जोडाच्या बिटाशेजारी दुसरा एक बिट पुढे आला. तो उभा झाला की आतील ड्रायव्हरने स्वतः आपली घोषणा करावी. या दोन शेजारी बिटांत दोन निराळ्या प्रकारचे वर्तमान साठविलेले आहे : पहिला ‘तू जोडलेला आहेस’ असे सांगतो, दुसरा ‘तू हलला आहेस, लोकांना कळव’ असे सांगतो.

यानंतरचा टप्पा पुन्हा हार्डवेअरकडे नेतो. २००७ साली एकाच खऱ्या कार्डाचे अनेक उपकार्डांत विभाजन करून एकेक उपकार्ड थेट आभासी यंत्रास देण्याची एसआर-आयओव्ही ही योजना मानकबद्ध झाली. येथे उपकार्ड खऱ्या सिलिकनचे आहे, पण त्याला स्वतःची तार नाही. सर्व उपकार्डे मिळून एकाच खोबणीतून बाहेर पडतात, आणि आपसांतील बोलणे कार्डातील अंतर्गत स्विचवरूनच होऊ शकते. त्याची जोडस्थिती कोणती मानावी ? २०१३ साली लिनक्सच्या ३.११ या आवृत्तीत याचे उत्तर एका आज्ञेच्या तीन पर्यायांत दिले गेले. ‘आपोआप’ म्हटले तर उपकार्ड खऱ्या तारेची स्थिती सांगते. ‘चालू’ म्हटले तर खरी तार तुटली तरी ते जोड आहेच असे सांगते, जेणेकरून शेजारच्या उपकार्डांशी बोलणे थांबू नये. ‘बंद’ म्हटले तर तार शाबूत असूनही जोड नाही असे सांगते आणि कार्ड त्याची पॅकेटे टाकून देते. गेल्या दशकांत वेगवेगळ्या प्रणालींत विखुरलेले तीन दृष्टिकोन येथे एका ओळीत आले. कोणता खरा याचा निवाडा करण्याच्या भरीस रचनाकार पडले नाहीत. निवड त्यांनी व्यवस्थापकावर सोपविली, आणि तेच शहाणपणाचे होते. कारण आतील यंत्रास बाहेरच्या जगाची अधिक गरज आहे की शेजाऱ्यांची, हे कार्डाला कळू शकत नाही.

असे उपकार्ड आभासी यंत्रास वेग देते, पण खऱ्या सिलिकनला बांधलेले असल्याने ते यंत्राबरोबर स्थलांतर करू शकत नाही. २०१८ साली लिनक्सच्या ४.१८ या आवृत्तीत आलेल्या व्यवस्थेने यावर तोड काढली. आतील यंत्रास एकाच हार्डवेअर-पत्त्याची दोन कार्डे देतात : एक वेगवान उपकार्ड आणि एक मंद व्हर्टिओ कार्ड. एरवी सर्व रहदारी पहिल्यावरून जाते. स्थलांतराची वेळ आली की यजमान ते उपकार्ड काढून घेतो. आतील ड्रायव्हर ते गेलेले पाहून रहदारी व्हर्टिओ कार्डाकडे वळवितो, यंत्र हलते, आणि नव्या ठिकाणी दुसरे उपकार्ड मिळाले की रहदारी पुन्हा त्याच्याकडे जाते. ज्या तुटीपासून यंत्राचे रक्षण करण्यासाठी जोडस्थितीची सारी व्यवस्था उभी राहिली, ती तूट येथे हेतुपुरस्सर घडविली जाते, आणि आतील कार्यप्रणालीस ती खरीखुरी दिसेल याची काळजी घेतली जाते.